मलिक अंबरचं मुंडकं बादशहाने उडवलं, पण फक्त चित्रात

जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. समोर भाल्यावर एक मुंडकं खोवलंय, त्यावर घुबड बसलंय आणि बादशहा त्या मुंडक्याच्या तोंडात बाण मारतोय.

साधारण १६१६ सालचं, अबुल हसन या दरबारी चित्रकाराचं हे चित्र. मुंडकं मलिक अंबरचं. गंमत म्हणजे अंबर त्यानंतर आणखी दहा वर्षं जगला.

तर हा अंबर जन्मला १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून फिरत अहमदनगरला आला. इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेजखानाने, जो स्वतःही कधीकाळी गुलाम होता. चंगेजखान मेला आणि अंबर मोकळा झाला.

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. संपली निजामशाही, असंच सगळ्यांना वाटलं. अंबरने परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि कारभार हातात घेतला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानेच वसवलं. जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. बीडची खजाना विहीर त्याच्याही आधीची, तीही निजामशाहीतलीच.

तो हरलाच नाही असं नाही. १६१६ मध्ये रोशनगावला हरला, मुघलांनी खडकी जाळली. पण अंबर काही हाती लागला नाही. मग बादशहाने चित्र काढून घेतलं.

गुलामगिरीवरच्या कादंबऱ्यांतही असे चमत्कार भेटतात. टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड'मध्ये मेलेली लेक परत येते. तिथे चमत्कार गुलामाच्या बाजूने असतो, कारण त्याचं दुःख कुणी नोंदवलेलंच नसतं. इथे मात्र जगाच्या बादशहालाच त्याची गरज पडली. चापूला विकताना त्याच्या आईबापांचं काय झालं, हे कोणत्याच चित्रात नाही.

१६२४ मध्ये बीडच्या आष्टी तालुक्याच्या शिवेजवळ, भातवडीला, अंबरने तलावाचा बांध फोडून मुघल आणि आदिलशाही फौजेच्या छावणीत चिखल केला. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. लढाई अंबरने जिंकली.

१६२६ मध्ये तो वारला. कबर खुलदाबादला आहे. जहांगीरचा नातू औरंगजेबही त्याच गावात पुरलाय.