गोचिडीचा माग

वाशीम जिल्ह्यात सायंकाळी गुरे रानातून परतली, की गोठ्यागोठ्यांतून एक देखावा दृष्टीस पडतो. शेतकरी गाईच्या कानांमागे, गळ्याखालच्या पोळीत, कासेजवळ हात फिरवतो आणि रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडी वेचून काढतो. गोचीड रक्त पिते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु रक्त पिता पिता ती रोगही देऊन जाते, हे सिद्ध होण्यास १८९३ साल उजाडावे लागले. ज्यांनी हे सिद्ध केले, त्यांचे नाव थिओबाल्ड स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म ३१ जुलै १८५९ रोजी अमेरिकेतील ऑल्बनी या शहरी झाला. त्यांचे आईवडील जर्मनीहून तेथे येऊन स्थायिक झाले होते. थिओबाल्ड बुद्धीने तल्लख होते आणि संगीताचे तर त्यांना वेडच होते. १८८३ मध्ये ते वैद्यकाची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले; पण दवाखाना न थाटता ते वॉशिंग्टन येथील जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी खात्यात रुजू झाले.

त्या काळी अमेरिकेत ‘टेक्सास ताप’ नावाच्या रोगाने गोपालकांना जेरीस आणले होते. दक्षिणेकडील धष्टपुष्ट गुरे उन्हाळ्यात उत्तरेकडे नेली जात. ती स्वतः आजारी नसत; परंतु ज्या कुरणात ती चरत, तेथे उत्तरेकडील गुरे सोडली, की महिनाभराने त्यांना ताप चढे, लघवी लाल होई आणि पाहता पाहता ती दगावत. गुरे हाकणाऱ्या लोकांचा संशय गोचिडीवर होता. तज्ज्ञ मंडळी त्यांना हसत. स्मिथ मात्र हसले नाहीत. ज्याचा जन्म गुरांमागे गेला, त्याचे म्हणणे निदान पारखून तरी पाहावे, असे त्यांना वाटले.

१८८९ च्या उन्हाळ्यात त्यांनी किलबोर्न या सहकाऱ्याच्या मदतीने कुंपण घातलेल्या जमिनीवर प्रयोग आरंभिले. एका तुकड्यात गोचिडी असलेली दक्षिणेकडील गुरे व उत्तरेकडील निरोगी गुरे एकत्र ठेवली. तेथे रोग आला. दुसऱ्यात दक्षिणेकडील गुरांच्या अंगावरची एकूण एक गोचीड हाताने वेचून काढली. हे काम किती किचकट असेल, याची कल्पना गोठ्यात राबणाऱ्या मुलांनाच येईल! तेथे उत्तरेकडील गुरे सुखरूप राहिली. आणखी एका तुकड्यात दक्षिणेकडचे एकही जनावर न ठेवता गवतात केवळ गोचिडी टाकल्या. तेथेही गुरे आजारी पडली.

तरीही एक कोडे उरलेच. या जातीची गोचीड आपले सारे आयुष्य एकाच जनावराच्या अंगावर काढते. मग ती दुसऱ्याला रोग देते तरी कशी? स्मिथ यांनी प्रयोगशाळेत गोचिडीची अंडी उबवली. त्यांतून निघालेली पिल्ले कोणत्याही जनावराला कधी चिकटली नव्हती. ती निरोगी जनावरावर सोडताच ते जनावर तापाने फणफणले. रोगाचे बीज आईकडून अंड्यातून पिल्लात उतरत होते! रोग महिनाभर उशिरा का येतो, हेही आता उमगले. पोट भरलेली मादी गवतात गळून पडते, अंडी घालते व मरते. ती अंडी फुटेपर्यंत काही आठवडे जातात. गुरांच्या तांबड्या रक्तपेशींत त्यांना जोडीजोडीने दिसलेले नासपतीच्या आकाराचे सूक्ष्म जीव हेच ते बीज होते.

१८९३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि चावणाऱ्या कीटकांकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची दृष्टीच पालटली. चारच वर्षांनी, १८९७ साली, सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. पुढे १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व माणसेही तापाने अंथरुणाला खिळली. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी माग काढला, तो गोचिडीपाशीच पोहोचला. हा ‘माकडताप’ २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आढळला. म्हणून रानातून परतल्यावर अंग नीट तपासावे. गोचीड रुतलेली दिसल्यास ती चिरडू नये किंवा जाळू नये. कातडीलगत चिमट्याने धरून सरळ वर ओढावी व ती जागा साबणाने धुवावी. नंतर ताप आला, तर गोचीड चावल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

स्मिथ १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात गेले. गुरांच्या व माणसांच्या क्षयाचे जंतू एकच नव्हेत, हे त्यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. त्यांनी शोधलेल्या एका जंतूच्या कुळाला मात्र त्यांचे वरिष्ठ साल्मन यांचे नाव मिळाले आणि ‘साल्मोनेला’ म्हणून तेच आजही रूढ आहे.

१० डिसेंबर १९३४ रोजी स्मिथ यांचे निधन झाले. गुरांना औषधी पाण्याच्या हौदातून पोहवत नेऊन गोचिडींचा नायनाट करण्याची मोहीम अमेरिकेत १९०६ मध्ये सुरू झाली होती. १९४३ पर्यंत त्या देशाचा बहुतेक भाग टेक्सास तापापासून मुक्त झाला. ते पाहावयास स्मिथ हयात नव्हते.