स्वित्झर्लंडहून एक पोस्टकार्ड आलं आणि संत्र्यांच्या गावात बर्फाचा डोंगर उभा राहिला

कॅलिफोर्नियातलं अनाहाइम हे एके काळी संत्र्यांच्या बागांचं गाव. तिथे बर्फ पडत नाही. तरी १९५९ पासून या गावात एक बर्फाचा डोंगर उभा आहे. उंची १४७ फूट, म्हणजे साधारण चौदा मजली इमारतीएवढी.

लांबून बघितलं तर हुबेहूब आल्प्समधला मॅटरहॉर्न. जवळ गेलं की आतून किंकाळ्या ऐकू येतात, कारण हा डोंगर पोकळ आहे. त्याच्या पोटात दोन रोलर कोस्टर एकमेकांना वळसे घालत धावतात.

आणि हा डोंगर ज्याने बांधून घेतला, त्या गड्याला रोलर कोस्टर अजिबात आवडत नसत. गड्याचं नाव वॉल्ट डिस्ने.

मिकी माऊसवाला वॉल्ट डिस्ने सगळ्यांना माहितीये. पण डोंगराची गोष्ट समजून घ्यायची तर त्याआधीचा, पेपर टाकणारा वॉल्ट बघावा लागतो.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोचा. वडील एलायस कडक शिस्तीचे आणि धंद्यात कायम अपयशी. आधी मिझुरीतल्या मार्सलीन गावात शेती केली. ती विकावी लागली आणि १९११ साली कुटुंब कॅन्सस सिटीला आलं. तिथे वडिलांनी पेपरची लाइन विकत घेतली आणि वॉल्ट व त्याचा मोठा भाऊ रॉय यांना कामाला जुंपलं.

तेव्हा वॉल्टचं वय नऊ. पहाटे साडेतीन-चारला उठायचं, पेपर टाकायचे, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा पेपर. वडिलांकडून पगार असा काही नाही. हिवाळ्यात तर कमरेएवढ्या बर्फातून वाट काढावी लागायची. थंडी असह्य झाली की पोरगं एखाद्या इमारतीच्या उबदार बोळात शिरायचं आणि तिथेच डुलकी लागायची. कधी कुणाच्या व्हरांड्यात त्या घरच्या पोरांची खेळणी पडलेली असायची. वॉल्ट अंधारात थोडा वेळ त्यांच्याशी खेळायचा, जिथली तिथे ठेवायचा आणि पुढच्या घराकडे निघायचा.

हे सहा वर्षं चाललं. पुढे जगभर नाव झाल्यावरही एखाद्या घरी पेपर टाकायचा राहिला, अशी स्वप्नं पडून तो दचकून उठायचा.

मधला काळ बऱ्याच जणांना ठाऊक असतो. पहिलं महायुद्ध संपता संपता रेडक्रॉसमार्फत फ्रान्समध्ये अँब्युलन्स चालवली. कॅन्सस सिटीत काढलेली पहिली कार्टून कंपनी १९२३ मध्ये बुडाली. हॉलिवूडला जाऊन रॉयबरोबर नवी कंपनी काढली. १९२८ ला स्वतः उभा केलेला ऑस्वाल्ड नावाचा ससा करारातल्या कलमांमुळे हातातून गेला, सोबत बरेचसे चित्रकारही गेले. त्याच वर्षी मिकी आला. १९३७ ला ‘स्नो व्हाइट’ आला आणि आख्ख्या हॉलिवूडने वेडेपणा म्हणून हिणवलेला सिनेमा धो धो चालला.

या काळात भावाभावांची एक पद्धत पडून गेली. वॉल्टने खर्चाचं काहीतरी डोक्यात घ्यायचं आणि रॉयने बँकवाल्यांची तोंडं बघत फिरायचं.

डिस्नेलँडचंही तेच झालं. वॉल्ट आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसमधल्या ग्रिफिथ पार्कच्या मेरी-गो-राउंडला जायचा. मुली घोड्यावर, बाप बाकावर. आईबापांनी पोरांसोबत बसावं अशी जागाच कुठे नाही, हे त्याच्या डोक्यात घर करून बसलं. त्या काळातले अम्युझमेंट पार्क कळकट, रंग उडालेले. दारू पिऊन फिरणारे लोक, खडखडणारे लाकडी रोलर कोस्टर. वॉल्टला यातलं काहीच नको होतं.

पार्कसाठी त्याने आयुर्विम्यावर कर्ज काढलं, पाम स्प्रिंग्जचं सुट्टीचं घर विकलं, एबीसी या टीव्ही कंपनीशी करार केला. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. पहिला दिवस फजितीचा होता. नकली पास घेऊन हजारो लोक घुसले, उन्हात मऊ पडलेल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. तरीही पार्क चाललं. त्यात रोलर कोस्टर मात्र एकही नव्हता.

पार्कमध्ये एक मातीचा ढिगारा होता. राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेली माती मधेच टाकलेली, तिच्यावर झाडं लावून तिला टेकडी म्हणायचं ठरलेलं. संध्याकाळी तिथे जोडपी बसायची. १९५६ ला या ढिगाऱ्यावरून रोपवे गेला आणि त्याचा पोलादी खांब टेकडीच्या डोक्यावर उभा राहिला. हे ध्यान वॉल्टला खुपायला लागलं. तिथे बर्फाचा डोंगर करावा, लोकांनी त्यावरून घसरत यावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. खरा बर्फ आणायचाही विचार झाला. पण कॅलिफोर्नियाच्या उन्हात वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न होताच.

लहानपणी बर्फाने छळलेल्या या माणसाला मोठेपणी बर्फाच्या डोंगरांचं वेड होतं, ही एक गंमत. शुगर बोल नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणात सुरुवातीला पैसे घालणाऱ्यांत वॉल्ट होता. तिथल्या एका शिखराला आजही माउंट डिस्ने म्हणतात.

तर १९५८ साली वॉल्ट स्वित्झर्लंडमध्ये झरमॅटला होता. मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी त्याच्या ‘थर्ड मॅन ऑन द माउंटन’ सिनेमाचं शूटिंग चालू होतं. असं सांगतात की एक दिवस त्याने दुकानातून मॅटरहॉर्नचं पोस्टकार्ड घेतलं आणि आपला डिझायनर विक ग्रीन याला पाठवून दिलं. मजकूर दोन-तीन शब्दांचा. हे बांधून टाक, एवढाच त्याचा अर्थ.

इकडे रॉयला आधीची देणी फेडायची होती. वॉल्टला डोंगर, मोनोरेल आणि पाणबुड्या हे सगळं एकदम हवं होतं. वॉल्टबरोबर काम केलेले लोक सांगत की रॉय युरोपच्या दौऱ्यावर गेला तेव्हा वॉल्टने काम पुढे रेटलं. रॉय परत आल्यावर पैसे उभे करण्याशिवाय त्याच्याकडे पर्याय उरला नाही.

आता प्रश्न होता की डोंगरातून माणसं खाली आणायची कशी.

तेव्हाचे बहुतेक रोलर कोस्टर लाकडी. फळ्यांचे थर, त्यावर पोलादाची चपटी पट्टी, त्यावरून गाडी. असा रूळ हवा तसा पिळता येत नाही. डोंगराच्या आत तर जागा अरुंद. दोन वेगळे मार्ग, तीव्र वळणं, वरून जाणारा रोपवे, सगळं एकाच शंकूत बसवायचं होतं.

हे काम गेलं माउंटन व्ह्यू गावच्या ॲरो डेव्हलपमेंट कंपनीकडे. कार्ल बेकन आणि एड मॉर्गन हे तिथले मुख्य लोक. डिस्नेलँडच्या पहिल्या राइड्सचं बरंच काम त्यांनीच केलं होतं. त्यांनी लाकूड सोडलं आणि पोलादी नळी घेतली. नळी हवी तशी वाकवता येते, वळणावर तिरकी करता येते, तुकड्याला तुकडा वेल्डिंगने जोडून सलग रूळ होतो. गोल असल्यामुळे चाकं तिला वरून, बाजूने आणि खालूनही धरू शकतात. वर पॉलियुरेथेनची चाकं. त्यामुळे खडखडाट कमी. पोलादी नळीवर धावणारा जगातला पहिला रोलर कोस्टर म्हणून मॅटरहॉर्नचं नाव घेतलं जातं ते या कामामुळे. आज खोपोलीला इमॅजिकात ‘नायट्रो’मध्ये बसून जे ओरडतात, तेही पोलादी नळ्यांवरूनच धावत असतात.

दुसरी भानगड गर्दीची होती. एका वेळी एकच गाडी सोडली तर रांग हलणार नाही. एका रुळावर अनेक गाड्या सोडल्या तर मागची पुढचीवर आदळणार. त्यात भरलेली गाडी हलक्या गाडीपेक्षा जोरात येते, म्हणजे अंतर कायम राखणंही अवघड.

उपाय रेल्वेच्या सिग्नलसारखा होता. आणि वॉल्ट तर रेल्वेवेडा, घराच्या अंगणात त्याने छोटी वाफेची गाडी चालवलेली. डोंगरातल्या मार्गाचे भाग पाडले. प्रत्येक भागाच्या शेवटी ब्रेक. पुढचा भाग मोकळा झाल्याचं विजेच्या यंत्रणेला कळलं तरच मागच्या गाडीला वाट मिळणार, नाहीतर ती तिथेच थांबणार. गाडीतल्या माणसाच्या हातात काहीच नाही. सुरुवातीला अंधारातली साखळी गाडीला वर ओढून नेते, त्यानंतर इंजिन वगैरे काही नसतं. सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर. अगदी शेवटी पाण्याचं तळं. गाडी त्यात घुसते, पाणी उडतं, लोकांना वाटतं मजेसाठी केलंय. ते पाणी वेगही मारतं.

गाड्या बर्फावरच्या बॉबस्लेडसारख्या दिसाव्यात म्हणून त्यांचं डिझाइन बॉब गरने केलं. मार्गाची लांबी एका बाजूने साधारण सव्वासहाशे मीटर, दुसऱ्या बाजूने साडेसहाशे. वेग ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आजच्या हिशोबाने काहीच नाही. पण काळोखात, नाकासमोर कातळ येत असताना आकडे कोण बघतो?

डोंगराचं कातडंही बघण्यासारखं आहे. आत दोन हजारांहून जास्त पोलादी तुकड्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा थर, त्यावर बर्फाचा पांढरा रंग. खरा मॅटरहॉर्न ४४७८ मीटर उंच, हा त्याच्या बरोबर शंभराव्या हिश्शाचा. पायथ्याशी मोठी झाडं आणि वर जाल तशी छोटी, म्हणजे डोळा फसतो आणि डोंगर आहे त्यापेक्षा उंच वाटतो. रोपवेचा तो नकोसा खांबही याच डोंगराने पोटात घेतला. पाळणे एका भोकातून आत शिरायचे आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचे.

१४ जून १९५९ ला उद्घाटन झालं. उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन सहकुटुंब हजर होते. डोंगर, मोनोरेल आणि पाणबुड्या यांच्यासाठी पार्कने ‘ई’ नावाचं सगळ्यात महागडं तिकीट काढलं. डोंगरावर चढायला खरे गिर्यारोहक पगारावर ठेवले. त्यांच्यासाठी आत, शिखराजवळच्या रिकाम्या जागेत, बास्केटबॉलची रिंगही लावली गेली. नंतर अफवा पसरली की उंचीच्या नियमातून सुटायला वॉल्टने कागदावर याला क्रीडा संकुल दाखवलं. तसं काही नव्हतं. पोरं दोन चढायांच्या मधे खेळायची, इतकंच.

त्याच वर्षी सप्टेंबरात रशियाचे निकिता ख्रुश्चेव्ह अमेरिकेत आले. त्यांना डिस्नेलँड बघायचं होतं. सुरक्षेचं कारण देऊन नकार मिळाला आणि साहेब भडकले, हा किस्सा तेव्हा जगभर गाजला.

सगळंच गोड मात्र नव्हतं. १९६४ ला पंधरा वर्षांचा एक मुलगा चालत्या गाडीत उभा राहिला, बाहेर फेकला गेला आणि काही दिवसांनी दवाखान्यात वारला. डिस्नेलँडमधला हा पहिला मृत्यू. रूळ तुटला नव्हता की ब्रेक निकामी झाला नव्हता. दोन गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेला गाडीत कोण उठून उभं राहिलंय हे कळायची सोय नव्हती.

वॉल्टला एव्हाना आणखी मोठा डोंगर हवा होता, तोही खरा. सिएरा नेवाडातल्या मिनरल किंग दरीत स्कीइंगचं गाव वसवायचा प्रस्ताव त्याच्या कंपनीने सरकारला दिला आणि १९६५ ला तो निवडला गेला. सप्टेंबर १९६६ मध्ये गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्यासोबत त्याने त्या दरीतच पत्रकार परिषद घेतली. थंडी होती, माणूस थकलेला दिसत होता. नोव्हेंबरात फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. आयुष्यभर सिगारेट ओढलेली. १५ डिसेंबर १९६६ ला, ६५ वर्षांचा होऊन दहाच दिवस झालेले असताना, वॉल्ट गेला.

रॉय निवृत्त व्हायच्या बेतात होता. तो थांबला, फ्लोरिडाचं पार्क पुरं करून घेतलं आणि त्याला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड असं भावाचं पूर्ण नाव दिलं. ऑक्टोबर १९७१ ला ते उघडलं, डिसेंबरात रॉयही गेला.

मिनरल किंगचं प्रकरण पर्यावरणवाद्यांनी कोर्टात नेलं. ते वर्षानुवर्षं चाललं आणि १९७८ साली ती दरी सिक्वोया नॅशनल पार्कमध्ये घातली गेली. तिथे स्कीइंगचं गाव कधीच झालं नाही. त्याच १९७८ मध्ये अनाहाइमच्या डोंगराचं पोट पहिल्यांदा झाकलं गेलं. तोवर आत गेल्यावर पोलादी सांगाडा उघडा दिसायचा. तिथे बर्फाच्या गुहा केल्या, लाल डोळ्यांचा हिममानव बसवला आणि एकेकट्या धावणाऱ्या गाड्या दोन-दोनच्या जोडीने जोडल्या.