हाडांच्या डॉक्टरांच्या पाटीवरचे मूल

हाड मोडले किंवा गुडघा धरला, की आपण ‘ऑर्थोपेडिक सर्जन’ची पाटी शोधतो. या शब्दात हाड मात्र कुठेच नाही. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘पैदिऑन’ म्हणजे लहान मूल. हे दोन शब्द जोडले निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरांनी, तेही वयाची ऐंशी उलटल्यावर.

आंद्री १६५८ मध्ये लिआँ शहरात जन्मले. आधी धर्मशास्त्र शिकले, मग वैद्यकाकडे वळले. १७०० मध्ये त्यांनी माणसाच्या शरीरातील कृमींवर पुस्तक लिहिले. सूक्ष्मदर्शकाचा त्यांना इतका नाद, की जिथे तिथे त्यांना कृमीच दिसतात अशी थट्टा होई. १७२४ मध्ये ते पॅरिसच्या वैद्यकीय विद्याशाखेचे प्रमुख झाले.

स्वभाव भांडखोर. त्या काळी फिजिशियन म्हणजे लॅटिन शिकलेले पंडित, तर सर्जनची गणना न्हाव्यांच्या बरोबरीने होत असे. सर्जन मंडळींनी फिजिशियनच्या हाताखालीच राहावे, यासाठी आंद्रींनी जोर लावला. हाडांच्या आजारांवर ग्रंथ लिहिणारे नामवंत सर्जन झाँ-लुई पेती यांच्यावर तर त्यांनी जाहीर टीका केली.

१७४१ मध्ये त्यांचे ‘ऑर्थोपेडी’ हे दोन खंडांचे पुस्तक निघाले. ते लॅटिनमध्ये नव्हते, फ्रेंचमध्ये होते. कारण ते आईवडिलांसाठी होते. मूल कसे बसते, लिहायचे टेबल किती उंच असावे, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. वाकडे रोपटे खुंटाला दोरीने बांधलेले त्यातले चित्र आज अनेक देशांतल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनांचे बोधचिन्ह आहे. मुलाचा वाकडा पायही असाच पट्टी बांधून, हळूहळू ताण वाढवत सरळ करावा, असे आंद्रींनी सुचवले. पुस्तकाचा भर शस्त्रक्रियेवर नव्हताच. पुढच्याच वर्षी ते वारले.

नंतर १८४६ मध्ये भूल आली, १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि हाडांवरची शस्त्रक्रिया सुकर झाली. आंद्रींचा शब्द सर्जन मंडळींच्याच पाटीवर गेला. त्यांना हे मुळीच रुचले नसते!

रोपट्याची युक्ती मात्र टिकली. जन्मतः आत वळलेले पाऊल, म्हणजे क्लबफूट, आजही दर आठवड्याला थोडे थोडे वळवून प्लास्टरमध्ये ठेवतात. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागची शीर सैल करण्यासाठी छोटासा छेद लागतो, मोठी शस्त्रक्रिया सहसा टळते. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात केलेली उत्तम. प्लास्टर निघाल्यावर साधारण चार वर्षांचे होईपर्यंत रात्री विशेष बूट घालावे लागतात. पाय सरळ दिसू लागला, की घरचे लोक ते बूट माळ्यावर टाकतात आणि पाऊल पुन्हा वळू लागते.