विश्लेषण : कर्जरोख्यामागचा हिशेब तपासणारे न्यायमूर्ती रानडे

भिवंडीतील टेमघरला यंत्रमागाचा खडखडाट नवा नाही, तशी उधारीही नवी नाही. सूत उधार येते, कापड उधार जाते आणि एखादा व्यापारी गाळ्याला कुलूप लावून गायब होतो. मागे उरतात बिले आणि न वटलेला धनादेश. दुसरीकडे अडीअडचणीला सावकाराच्या कोऱ्या कागदावर सही करून बसलेला कर्जदार असतो. दोघांचा प्रश्न एकच : कोर्ट कागद पाहणार की खरा व्यवहार? दीडशे वर्षांपूर्वी महादेव गोविंद रानडे यांच्यापुढे हाच प्रश्न होता. समाजसुधारक आणि अर्थचिंतक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्या न्यायालयीन कारकिर्दीतील महत्त्वाची वर्षे कर्जाच्या दाव्यांत गेली.

रानडे न्यायखात्यात कसे आले?

१८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण कोल्हापूर आणि मुंबईत झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. १८६६ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर काही काळ अध्यापन आणि संस्थानी नोकरी करून १८७१ मध्ये ते पुण्यात दुय्यम न्यायाधीश झाले. सार्वजनिक सभेच्या कामातही त्यांनी लक्ष घातले आणि शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न त्यांच्यासमोर जवळून आला.

शेतकऱ्यांनी कर्जरोखे का जाळले?

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला मोठा भाव आला. त्या जोरावर कर्जही सहज मिळाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. सारा मात्र नव्या मोजणीनंतर वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू होता व्याज साचू नये असा, झाले उलटे. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेई. निरक्षर कुळ अंगठा उठवी. दावा लागला की ते अनेकदा हजरच राहत नसे, मग एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. वह्या आणि रोखे ताब्यात घेऊन जाळण्यावर होता. ज्या कागदाच्या जोरावर जमीन जात होती, तो कागदच नष्ट करायचा होता.

१८७९ च्या कायद्याने काय बदलले?

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि पुढे दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील मुख्य गोष्टी अशा :

• रोखा समोर असला तरी न्यायाधीशाने व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासायचा.
• मुद्दल आणि व्याज वेगळे काढून नवा हिशेब मांडायचा.
• हप्ते बांधून द्यायचे.
• कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करायचे नाही.
• सावकाराने पावती आणि हिशेब द्यायचा.

रानडे यांची भूमिका काय होती?

दरम्यान सरकारी संशयामुळे त्यांच्या नाशिक आणि धुळ्याला बदल्या झाल्या होत्या. परत आल्यावर ते याच कायद्याखाली सहायक विशेष न्यायाधीश झाले. १८८७ मध्ये त्यांच्याकडे विशेष न्यायाधीशपद आले. खालच्या न्यायालयांचे निकाल तपासणे आणि चुकीचे असतील तर दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यासाठी वर्षातील बराच काळ दौऱ्यावर जाई. पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत या फिरतीविषयी लिहिले आहे. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

मग कर्जाचा प्रश्न सुटला का?

पूर्णपणे नाही. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याची पळवाट सावकारांनी शोधली. ती बुजवणारी दुरुस्ती रानडे यांच्या निधनानंतर झाली. शिवाय वसुली अवघड झाली की सावकार कर्जच देत नाही. रानडे यांना हे दिसत होते. म्हणूनच १८९१ मध्ये त्यांनी जमिनीच्या तारणावरील पतव्यवस्थेची नव्याने उभारणी करण्याचा विचार मांडला. कर्जदाराला संरक्षण हवे, तसे स्वस्त आणि प्रामाणिक कर्जही हवे, हे त्याचे सार.

आज कोणते मार्ग आहेत?

पैसे अडकलेल्यासाठी : धनादेश न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे न दिल्यास पुढील महिनाभरात फौजदारी तक्रार करता येते. नोंदणीकृत लघुउद्योगाला ४५ दिवसांपुढे थकलेल्या बिलासाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे. फसवणूक लपवलेली असेल तर ती उघड झाल्यापासून मोजली जाते. देणेकरी मालमत्ता विकून पळण्याच्या बेतात असल्यास निकालापूर्वीच जप्ती मागता येते. देणे बुडवण्यासाठी नातेवाइकांच्या नावे केलेले हस्तांतरही रद्द करून घेता येते.

कर्जदारासाठी : महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ नुसार विनापरवाना सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. वसुलीच्या हुकूमनाम्यातही कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे जप्तीतून वगळलेली आहेत.

सुप्याच्या शेतकऱ्याकडे स्वतःचा हिशेब नव्हता, म्हणून न्यायाधीशाला तो खणून काढावा लागला. टेमघरच्या कारखानदाराला आणि कामगाराला आज तो ठेवता येतो : बिल, माल पोहोचल्याची सही, बँकेतून दिलेली रक्कम, मोबाइलवरचे संदेश. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर रोख्यामागचा खरा व्यवहार दाखवणार ते हेच कागद.