रसायनाचार्य लीबिग

संयुगाचे साधे सूत्र काढण्याचा पाठ आला म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांस तो कोरड्या आकडेमोडीचा वाटतो. परंतु त्या चार ओळींच्या गणितामागे एका थोर पुरुषाचे परिश्रम आहेत. त्याचे नाव युस्टुस लीबिग.

लीबिगचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मस्टाट शहरी झाला. बाप रंग व रासायनिक द्रव्ये यांचा व्यापारी असल्याने मुलास लहानपणीच प्रयोगांचा नाद लागला. शाळेत त्याची गणना हुशार मुलांत होत नसे. औषधे तयार करणाऱ्याकडे त्यास उमेदवारीस ठेवले, तेथेही तो टिकला नाही. मात्र रसायनाचा ध्यास सुटला नाही. १८२२ साली तेथील राजाच्या साहाय्याने तो पॅरिसला गेला व गे-ल्युसॅक या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झाला. १८२४ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, गीसेन येथील विद्यापीठात त्याची नेमणूक झाली.

याच सुमारास त्याच्या सत्यनिष्ठेची कसोटी लागली. चांदीचे फुलमिनेट या भयंकर स्फोटक द्रव्याचे त्याने पृथक्करण केले होते. इकडे व्होलर नामक तरुण शास्त्रज्ञाने चांदीचे सायनेट तपासले. ते स्फोटक नव्हते, तरी दोघांचे आकडे जवळजवळ एकच आले. शंभर भागांत चांदी सुमारे ७२, कर्ब ८, नत्र ९.३ व प्राणवायू १०.७; या आकड्यांस ज्याच्या त्याच्या अणुभाराने भागले असता चारही मूलद्रव्यांचा एकेक अणू, हेच प्रमाण निघते. एक सूत्र आणि दोन पदार्थ, ही गोष्ट तेव्हा अशक्य मानली जाई. स्वभावाने तापट असलेल्या लीबिगने व्होलरचे काम चुकीचे ठरविले. परंतु पुन्हा शुद्ध नमुना घेऊन वजन करताच व्होलर बरोबर असल्याचे दिसले, आणि लीबिगने ते मान्य केले. अणू तेच, पण त्यांची मांडणी निराळी, असा त्याचा अर्थ पुढे उलगडला. बर्झेलियसने १८३० साली अशा पदार्थांस समघटक या अर्थाचे नाव दिले. ज्यांचे वैर व्हायचे, ते दोघे जन्माचे मित्र झाले.

१८३१ साली लीबिगने पाच फुग्यांची एक काचेची नळी तयार केली. पदार्थ जाळला म्हणजे त्यातील हायड्रोजनचे पाणी होते व कर्बाचा कार्बन डायऑक्साइड. पाणी कॅल्शियम क्लोराइडने व तो वायू नळीतील पोटॅशच्या द्रावाने शोषला जाई. दोहोंचे वजन किती वाढले, एवढेच पाहावयाचे. समजा, शिरक्यातील शुद्ध आम्ल ०.६० ग्रॅम जाळले. वायू ०.८८ ग्रॅम मिळाला. त्याचे अकरांत तीन भाग, म्हणजे ०.२४ ग्रॅम कर्ब. पाणी ०.३६ ग्रॅम, त्याचा नववा भाग, म्हणजे ०.०४ ग्रॅम हायड्रोजन. उरलेला ०.३२ ग्रॅम प्राणवायू. यांस अनुक्रमे १२, १ व १६ या अणुभारांनी भागले की ०.०२, ०.०४ व ०.०२ येतात, अर्थात एकास दोनास एक. दह्यातील आम्लाचे आणि द्राक्षशर्करेचेही साधे सूत्र हेच! म्हणून साध्या सूत्राने प्रमाण कळते, पदार्थाची पुरती ओळख पटत नाही.

या सुलभ रीतीमुळे देशोदेशींचे विद्यार्थी गीसेनला येऊ लागले. १८४५ साली आपल्या शिरढोण गावी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्याच वर्षी लीबिगला सरदारकीचा मान मिळाला आणि त्याचा शिष्य होफमान लंडनच्या नव्या रसायन महाविद्यालयाचा प्रमुख झाला. पिकांस जमिनीतून कोणती खनिजे लागतात, हेही लीबिगने १८४० च्या ग्रंथात प्रतिपादिले. १८५२ पासून तो म्यूनिक येथे राहिला व १८ एप्रिल १८७३ रोजी तेथेच निवर्तला.

नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तागडीचा निषेध केलेला आहे. तो केवळ दुकानदारासाठी नव्हे. प्रयोगाच्या वहीत अपेक्षित उत्तर येण्यासाठी आकडा किंचित वळविणारा विद्यार्थीही खोटीच तागडी धरतो. लीबिगने आकडा वळविला नाही, स्वतःचे मत वळविले. म्हणून त्यास मित्र लाभला व शास्त्रास एक नवे सत्य. विद्यार्थिमित्रहो, आपल्या वहीत जे वजन भरले तेच लिहा.