डॉ. वेंकटरामन : लाखेचा लाल, फणसाचा पिवळा

पूर्वीच्या सुवासिनी पायांना अळिता लावीत, तो लाखेच्या लाल रंगाचा असे. फणसाचे झाड तर कोकणातल्या माहेरवाशिणींच्या जिव्हाळ्याचे. त्याच्या गाभ्याच्या लाकडातून पिवळा रंग निघतो आणि ब्रह्मदेशातील भिक्षू आपली वस्त्रे त्यात रंगवीत आले आहेत. हे रंग कशाचे बनलेले आहेत, हे शोधण्यात ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली, ते डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन पुण्यातच काम करीत होते. त्यांची ओळख आपल्या भगिनींना व्हावी, म्हणून हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म १९०१ साली मद्रासेत झाला. पुढे मँचेस्टरला जाऊन त्यांनी रॉबर्ट रॉबिन्सन या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन केले. मायदेशी परतल्यावर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवीत असताना त्यांना एक महत्त्वाची रासायनिक क्रिया सापडली. तिच्यात रेणूचा एक तुकडा एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसतो. वनस्पतींत आढळणारी फ्लेव्होन नावाची पिवळी द्रव्ये या क्रियेच्या आधारे प्रयोगशाळेत तयार करता येतात. इंग्लंडात बेकर यांनाही ती स्वतंत्रपणे सापडली होती. म्हणून दोघांच्या नावांनी ती आजही जगभर शिकवली जाते.

१९३४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रशास्त्र विभागात आले आणि १९३८ साली त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत कापड विणले जाई, पण ते रंगवायला रंग मात्र परदेशचा लागे. १९३९ साली महायुद्ध पेटले आणि जर्मनीचा माल बंद झाला. तेव्हा ही परवशता सर्वांनाच जाणवली. रंगाचे ज्ञान आपल्या मुलांच्या हाती आल्याखेरीज कारखाने उभे राहणार नाहीत. डॉ. वेंकटरामन यांनी या विभागात हेच काम केले. कृत्रिम रंगांवरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ साली निघाले. आणखी खंडांचे संपादनही त्यांनी केले. आठवा खंड १९७८ साली प्रसिद्ध झाला.

१९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांचा हा अधिकारी पुरुष येथे लाख, फणस आणि तुती यांच्याकडे वळला. लाखेचा लाल रंग बराच काळ एकच द्रव्य समजला जात होता. पुण्यातील संशोधनातून दिसले, की ती एकमेकांशी जवळचे नाते असलेली अनेक द्रव्ये आहेत. ती वेगळी करून प्रत्येकाची रचना ठरविणे, हे तांदळातून खडे निवडण्यापेक्षा कितीतरी चिकाटीचे काम! फणसाच्या लाकडातूनही अशीच नवी पिवळी द्रव्ये हाती आली.

कुणी म्हणेल, कारखान्यातले रंग स्वस्त मिळत असता या जुन्या रंगांच्या मागे लागून काय साधले? याचे उत्तर त्यांच्या शिष्यांच्या कामात सापडते. ए. व्ही. रामराव हे याच नैसर्गिक रंगांवर त्यांच्या हाताखाली तयार झाले. झाडातले द्रव्य काढणे, शुद्ध करणे, त्याची घडण ओळखणे, ही विद्या रंगाला जितकी लागते तितकीच औषधालाही लागते. पुढे रामराव यांनी पुण्यात सदाफुलीपासून कर्करोगावरची औषधे तयार करण्याची पद्धत बसवली. त्यानंतर हैदराबादेत असताना त्यांनी एड्सवरील औषध आपल्या देशात कमी खर्चात बनविण्याची वाट मोकळी केली.

डॉ. वेंकटरामन यांना १९६१ साली पद्मभूषण मिळाले. १९८१ साली त्यांचे निधन झाले. आपल्या अंगणातल्या सदाफुलीकडे पाहताना या गुरुशिष्यांची आठवण ठेवावी. आणि घरातली मुलगी फुलाचा रंग पाण्यात उतरवून पाहत बसली, तर पसारा केला म्हणून तिला लगेच उठवू नये.