दुरुस्ती करणाऱ्यासाठी यंत्र घडवणारे हॉवर्ड व्होलम

ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या पश्चिमेला असलेल्या बीव्हर्टन आणि हिल्सबरो परिसरात आपल्यापैकी अनेक अभियंते नोकरीनिमित्त स्थिरावले आहेत. या भागात इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची मुळे रुजवणाऱ्यांमध्ये टेक्ट्रॉनिक्सचे सहसंस्थापक हॉवर्ड व्होलम यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

व्होलम यांचा जन्म १९१३ साली पोर्टलंडमध्येच झाला. रीड कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत असताना त्यांनी ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युतदाबातील क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर रेषेच्या रूपाने दाखवणारे यंत्र, स्वतःच्या हातांनी बनवला. १९३६ साली पदवी मिळाली, तेव्हा मंदीचे सावट सरले नव्हते. जॅक मर्डॉक यांच्या दुकानात ते रेडिओ दुरुस्त करू लागले. त्यांच्या आयुष्यातील हा काळ दोन ओळींत उरकण्याजोगा भासतो. मला मात्र तोच निर्णायक वाटतो. दुसऱ्याने जोडलेले यंत्र रोज उघडणाऱ्यालाच कळते, की एक साधा भाग बदलण्यासाठी किती निष्पाप भाग उपटावे लागतात.

महायुद्धात ते लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये दाखल झाले आणि इंग्लंडमध्ये रडारवर काम करून परतले. १९४६ साली मर्डॉक आणि अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी टेक्ट्रॉनिक्सची स्थापना केली. पुढच्याच वर्षी ७९५ डॉलर किमतीचा ‘५११’ बाजारात आला. त्यात रेषा पडद्यावर स्थिर राही आणि तिच्यावरून खात्रीने मोजमापही करता येई.

तरीही ही यंत्रे जड होती, तापत, आणि त्यांतील डझनावारी व्हॉल्व्ह आज ना उद्या जाणारच होते. बिघाड होणार हे गृहीत धरूनच त्यांची रचना केलेली होती. पन्नाशीच्या दशकातील मॉडेलांत सुटे भाग चिनी मातीच्या खाचा असलेल्या पट्ट्यांवर जोडलेले असत. जुना भाग काढून त्याच खाचेत नवा सहज बसवता येई. खाचांना चांदीचा मुलामा असे. साध्या सोल्डरने तो विरघळून डाग सुटत असे, म्हणून चांदीमिश्रित सोल्डरचे छोटे वेटोळे यंत्राच्या आतच ठेवलेले असे. पुस्तिकेत संपूर्ण मंडलाचे आरेखन असे. कोठे किती दाब असावा आणि कोणती तरंगाकृती दिसावी, हेही दिलेले असे.

व्होलम यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस, १९६९ साली आलेल्या ‘७०००’ मालिकेपासून, कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यातील चिपांचा वापर वाढत गेला. क्षमता वाढली, पण अशी एखादी चिप गेली तर दुसरे मृत यंत्र शोधून त्यातून ती काढण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. त्यामुळे व्हॉल्व्हचा जुना ‘५४५’ नवे कपॅसिटर घालून पुन्हा सुरू होतो, आणि त्याच्याहून वीस वर्षांनी तरुण असलेले भावंड कधी कधी कायमचे मुके राहते. संग्राहकांनी खरेदीपूर्वी हे ध्यानात ठेवावे.

मर्डॉक १९७१ साली विमान अपघातात गेले. व्होलम यांचे निधन १९८६ साली झाले. पहिला ‘५११’ विकत घेतला तो पोर्टलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयाने. आज विद्यापीठ झालेल्या त्याच संस्थेत व्होलम यांच्या देणगीतून उभी राहिलेली, त्यांच्या नावाची मेंदूसंशोधन संस्था कार्यरत आहे.